किआंती आणि कोंबडीचं सुकं

नाही, बर्फ मिळायचा नाही. घरात आहे बर्फ, नाही असं नाही – फ्रीज काय शोभेला ठेवलाय? – पण या वाइनीत बर्फ घातलेला आमच्या यांनी बघितला, तर तुम्हाला जेवण गोड लागू द्यायचे नाहीत. बसा, खुर्ची ओढून घ्या. हे आगरात पाणी लावतायत, येतील एवढ्यात, मग पानं वाढते. तोवर नुसता वास घ्या. हसताय? मीही हसले होते. आणि ही विकायची नव्हे हो, खोलीच्या भाड्यात धरलेली नाही. पाहुणा आवडला की हे आपणहून बाटली उघडतात. काल तुम्ही माडांची चौकशी केलीत ना, तिथेच आवडलात तुम्ही यांना.

मालगुंडात इटलीची तांबडी वाइन कुठून आली, असंच ना? सांगते. आमचे हे अकरा वर्षं बोटीवर होते. मालाच्या नव्हे, माणसांच्या – इटालियन कंपनीची बोट, श्रीमंत म्हाताऱ्यांना दर्या दाखवत फिरवायची. आधी बशा धुतल्यानी, मग वाढपी झाले, आणि शेवटची सहा वर्षं नुसती वाइन ओतायची – उजव्या बाजूने, थेंब न सांडता – आणि ओतताना सांगायचं, ही किआंती, ही बारबेरा, कुठल्या डोंगरावरची, कशाबरोबर घ्यायची. स्वतः? स्वतः घोटभर चाखायची, तीही उभ्याने. मनात एकच होतं यांच्या – एक दिवस आपल्या घरात, आपल्या टेबलावर बसून जेवायचं आणि सोबत किआंती घ्यायची. दर सुट्टीला दोन बाटल्या आणायचे, पण उघडायचे नाहीत. भाताच्या कणगीमागे ठेवायचे, गारव्याला. सासूबाई विचारायच्या, शिवा, काय रे हे? तर म्हणायचे, औषध.

दोन हजार दोन साली कंपनीने माणसं कमी केली आणि हे घरी आले, कायमचे. आल्या आठवड्यात टेबल मांडलंनी, पांढरी चादर घातलीनी, मला समोर बसवलंनी. मी बांगड्याचं तिखलं केलेलं, त्रिफळं घालून, यांच्या आवडीचं. एक घोट घेतलानी, वर तिखल्याचा घास, परत घोट – आणि ग्लास खाली ठेवलानी. म्हणाले, "लोखंडाचा खिळा चोखल्यासारखं लागतंय." बस्स. इतकी वर्षं वाट बघितलेली ती ही. आता माशाचं आणि तांबड्या वाइनीचं पटत नाही, असं बोटीवर लोकांना हेच सांगायचे – पण घरचा बांगडा समोर आला नि विसरले.

मग हे दिवसभर पडवीत बसून राहायचे. एक दिवस म्हणाले, रत्नागिरीला एजंटाकडे जाऊन येतो, दुसरी बोट बघतो. आणि मी – खरं सांगू? – मी लगेच हो म्हटलं. बरंच वाटलं मला. घर एकटीने चालवायची सवय झालेली, आणि हा माणूस मीठ कुठे, चमचे कुठे विचारत फिरायचा, पाहुण्यासारखा. म्हटलं, जिथे बरं वाटतं तिथे जाऊ देत.

ते एसटीत बसले आणि भर दुपारी मी कणगीमागची बाटली काढली. का ते विचारू नका. रागाने म्हणा – माझ्यापेक्षा जास्त जपलेली ही बया आहे तरी कशी! पहिला घोट काजूच्या बोंडासारखा तुरट, तोंड कोरडं पडलं. मग कोकमाच्या साराबरोबर घेतली – आंबटावर आंबट, फुकट गेली. भाजलेल्या वांग्याबरोबर वाईच बरी. आणि मग कोंबडीचं सुकं होतं – खोबरं मी अगदी काळं होईतो भाजते, सासूबाई ओरडतात त्यावरून – त्याचा घास आणि वर घोट, तर काय सांगू तुम्हाला, दोघांनी एकमेकांना ओळखलंनी. करवंद आलं, जांभूळ आलं, तापल्या कातळावर पाणी मारल्यावर वास सुटतो तो आला. मी एकटीच हसत बसले. सासूबाईंनी दारातून विचारलंनी, बरी आहेस ना गो? म्हटलं, औषध घेतलंय. अर्धी बाटली – नाही, अर्धी नव्हे, वाईच कमी.

तिन्हीसांजेला हे आले, खिशात पत्र – चार तारखेला मुंबईत हजर व्हा. मी टेबल मांडून तयार. बसा म्हटलं, उजव्या बाजूने ओतली, सांडली जराशी, आणि सांगितलं, ही करवंदाच्या जातीची, काळ्या खोबऱ्याबरोबर घ्यायची, तिखट निम्मं घातलंय. यांनी घास घेतलानी, घोट घेतलानी. परत घास, परत घोट. मग विचारलंनी, "तुला कोणी शिकवलं?" म्हटलं, "तुमच्या बाटलीने." तेव्हा हसले – इतके हसलेले मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितले – आणि म्हणाले, "मी सहा वर्षं पाठ केलेलं बोलत होतो. करवंद नाही सुचलं कधी." मग मला बसवलंनी, माझ्यासाठी ओतलीनी. भात गार होईतो जेवत होतो आम्ही. चार तारीख आली नि गेली. पुढे या खोल्या काढल्या. बाटल्या आता नाटे गावचा कमाल आणतो, यांच्याबरोबर बोटीवर होता तो, अजून आहे – स्वतः थेंबाला शिवत नाही, पण टॉवेलात गुंडाळून तान्ह्या मुलासारख्या आणतो.

लोक म्हणतात, शिवा शहाणा, वेळेवर घरी राहिला. राहिले, आपणहून राहिले, खोटं कशाला बोलू? पण महिन्याभराने शेजारच्या मैनाकाकूंच्या फोनवर एजंटाचा निरोप आला – जुन्या बोटीवरच्या इटालियन साहेबाने नाव घेऊन बोलावलंय, वाइनीचा मुख्य करतो म्हणतो. फोन मी घेतलेला. म्हटलं, ते आता यायचे नाहीत. तो म्हणाला, विचारा तरी त्यांना. म्हटलं, विचारलं – नव्हतं विचारलं. अजून नाही सांगितलेलं, चार वर्षं झाली. कधी कधी हे ग्लास उजेडात धरून बघत बसतात, तेव्हा वाटतं, सांगून टाकावं, आणि मग मी –

आगरातला पंप थांबला. आले हे. ग्लास असा धरा, दांड्याला. आणि आता मला काही विचारू नका, जेवा.