अक्काचं तूप आणि माझं संशोधन

संशोधन माझं होतं आणि तूप अक्काचं, पण गाजलं ते तूप.

साठच्या दशकातली गोष्ट. पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा जो पापुद्रा असतो, तो किती गारठ्याला थिजतो, याचं गणित मी संगणकावर मांडत होतो. तेव्हा गणित म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची चळत, आणि मशीन मिळायचं आठवड्यातून फक्त दहा मिनिटं.

कार्डं सायकलवरून न्यायला थोरल्या बहिणीकडे डबा मागितला. अक्कानं तुपाचा पत्र्याचा डबा काढून दिला.

"धुतलायस ना?"

"तुपाच्या डब्याला पाणी लावतात का कधी? लख्ख पुसलाय."

बसवनगुडीतल्या घरून भर उन्हात संगणक केंद्रावर पोचलो. मशीनची खोली एसी लावून गार केलेली. तिथे कार्डं एकमेकांना चिकटली आणि दोन-दोन मिळून आत जायला लागली. ऑपरेटरनं मला चळतीसकट बाहेर काढलं. बाहेर उन्हात सगळी सुटी! धावत आत आलो, तर पुन्हा चिकटली. असं तीनदा झालं. तेवढ्यात दहा मिनिटं संपली.

ऑपरेटरनं एक कार्ड नाकाशी धरलं आणि कानडीत ओरडला, "अय्यो, इदु तुप्पा!"

घरी येऊन अक्कावर असा भडकलो की विचारू नका. ती पोळी लाटतच म्हणाली, "तू शोधत काय होतास?"

"स्निग्ध थर कधी थिजतो ते!"

"मग त्या खोलीत थिजतो. लिही की आता."