माळावरची चर्चा

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. सोलापूरच्या स्टँडवर सरकारी कचेरीतली टायपिस्ट मथुराबाई मोहोळच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्यापुढे मेंढपाळ संघाचे अध्यक्ष जोतीराम आणि त्यांची बायको बजाबाई होती.

“झालं का संघाचं काम?” बजाबाईने नवऱ्याला विचारलं.

“व्हय की! सरकारी माळ मिळाला. उद्याच मेंढरं हाकायची.”

“कागद वाचून घेतला का कुनाकडनं?”

“शिक्का हाय की त्याच्यावर!”

“मेंढरं शिक्का खात्यात व्हय? ओ बाई, तेवढं वाचा की.”

मथुराबाईने कागद हातात घेतला. अक्षरं तिच्याच मशीनची होती. ती हळूच वाचू लागली, “संघाच्या कळपांना माळावर चार महिने चर्चा करण्यास परवानगी...”

“चर्चा? आवं, आमी चराई मागितलीवती!”

“मेंढरं चार महिने काय बोलनार, बाई?” जोतीरामांनी मथुराबाईला विचारलं.

“तुमच्या संघात बोलत्यात तेच!” बजाबाई नवऱ्याला म्हणाली.

गाडी लागली. मथुराबाई रांगेतून बाहेर पडली.

“ओ बाई, गाडी तिकडं हाय!”

“जाऊ दे ती. साहेब सहाला कचेरीतून उठतात. चला, दुसरा कागद करून देते.”

जोतीराम डोकं खाजवत म्हणाले, “पर संघाला इचारल्याबिगर...”

“आवं अध्यक्ष, पळा की! आता चर्चा नगं.”