करुणानं चोरी केली नव्हती

काका, मावशी, चुडाव्याच्या सगळ्या मंडळींनो, जयभीम.

समोर करुणाचा फोटो आहे आणि माझ्या हातात माइक दिलाय. बोलणं जमेल असं वाटत नाही. रडू येतंय म्हणून नाही. राग आलाय म्हणून.

मी वैशाली, जिंतूरची. पुण्याच्या कंपनीत करुणा आणि मी शेजारी बसायचो. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी यंत्रं असतात ना, त्यांचं सॉफ्टवेअर लिहायचो. करुणा तापानं गेली. तिच्याबद्दल या गावात जे बोललं गेलं, ते मात्र अजून गेलेलं नाही. म्हणून नीट सांगते.

प्रत्येक कम्प्यूटरच्या मुळाशी एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीच्या कुठल्या भागाला कुणी हात लावायचा, हे तो तपासतो. आमच्या यंत्रातला कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरची माणसं मिळून तो सुधारतात. त्यात फार जुना कोड होता. त्यानं ही तपासणी तात्पुरती बंद करता यायची. काम झालं की परत चालू करायची. आणि कुणी विसरलं तर? मग बाहेरचा कुणीही आत शिरून काहीही बदलू शकायचा.

करुणानं सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या लॅपटॉपवर, तो कोड काढायला घेतला.

काका, ती सुट्टीत घरी आली तेव्हा तुम्ही तिला विचारलं होतं, "काय करायलीस गं एवढं?"

ती म्हणाली, "बाबा, तपासणी बंद करायचं एक जुनं बटण हाय. ते काढून टाकायलेय."

"राहू दे की. नाही दाबलं म्हंजे झालं."

"हाय तवर कुणीतरी दाबणारच, बाबा."

आमच्या साहेबांना कळलं. ते म्हणाले, "आपलं यंत्र त्याच कोडवर चालतं. चालतंय ना? मग हात लावू नकोस."

करुणा म्हणाली, "सर, मग आपलं यंत्र दुरुस्त करू. त्याला पेशंट जोडलेला असतो."

तिनं हात लावला. कर्नलमधली त्या कोडवर विसंबलेली एकेक जागा शोधली, बदलली, तपासली. बाहेरचे जाणकार चुका दाखवायचे, ती परत लिहायची. शेवटी त्यांनी तिचं काम स्वीकारलं. तो कोड गेला. कायमचा गेला. आणि कंपनीनं करुणाला काढलं. कारण काय दिलं? विश्वासघात!

ती गावी आली. मंडळींनो, तुम्ही काय केलंत? "कम्प्यूटरात चोरी केली म्हणं." कुणी पाहिली चोरी? कुणी विचारलं तिला? ठरत आलेली सोयरीक मोडली. तिच्या आईनं, या मावशींनी, विहारात येणं सोडलं. लय हुशार होती, लय गुणाची होती, असं आज म्हणताय. तेव्हा कुठं होतात?

नव्या कर्नलवर कंपनीचं यंत्र चालेना, तेव्हा तिलाच फोन आला, "ये, दुरुस्त करून दे." मी तेव्हा तिच्याजवळच होते. ती म्हणाली, "येते. आधी माझ्या बाबांना फोन करा. सांगा, पोरीची चूक नव्हती."

एवढंच मागितलं होतं तिनं. तो फोन आला नाही. हो ना, काका?

आज मात्र कंपनीचा हार आलाय. त्यावर लिहिलंय, 'आमची गुणी अभियंता'. हार घेऊन साहेब स्वतः आलेत, पहिल्या रांगेत बसलेत.

साहेब, आता फोनची गरज नाही. काका तुमच्यापासून हाताच्या अंतरावर आहेत. सांगा त्यांना.

...मान खाली घालून काय होणार?

बरं. मीच सांगते. काका, पोरीची चूक नव्हती. मी साक्षीला होते. मावशी, तुम्ही उद्या विहारात या. मी तुमच्यासोबत येते, बघू कोण काय म्हणतं.

आता करुणासाठी सगळे उभे राहू या, काही क्षण शांत राहू या. साहेब, तुम्हीही उभे राहा.

बाहेर पडल्यावर मात्र कुणी शांत राहू नका. ज्यांच्या-ज्यांच्याजवळ तिला चोर म्हणालात, त्यांच्या-त्यांच्याकडं जा आणि खरं सांगा.