मार्थाबाईची पहिली प्रार्थना

मंडळी, एक सांगा! आपला महायाजक प्रभू येशू स्वर्गात बापापुढे आपल्यासाठी विनवणी करतो — मानता ना? मग त्याला आधी इथं येऊन रडावं का लागलं? मार का खावा लागला? वरच्या वर विनवणी झाली नसती? — ऐका तर!

शेवगावच्या बाजूला एक ख्रिस्तवस्ती. तिथली मार्थाबाई चाळीस वर्षं देवळात पहिल्या चटईवर! गीतं तोंडपाठ. पण प्रार्थना? ती पाळकसाहेबांनी करायची! "साहेब, गुडघा धरलाय, प्रार्थना करा." "साहेब, कोंबडी खुडूक बसलीया, प्रार्थना करा!" — हसू नका, तुमच्याही कोंबड्या मला ठाऊक आहेत!

तर त्या वस्तीत प्रिस्किलाचं बाळ गेलं. आठ दिवसांचं. पोर भिंतीला टेकून बसली — अन्न नाही, बोलणं नाही. अंगात ताप. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर धावून येई. पाळकसाहेब दोनदा प्रार्थना करून आले. तिसऱ्या दिवशी मार्थाबाईनं त्यांना गाठलं.

"साहेब, पोर हातची जायची हो! जोर लावून प्रार्थना करा."

"मार्थाबाई, तुम्ही जा."

"मी? मला कुठं शब्द येत्यात?"

"माझ्याकडं नुसते शब्दच आहेत. तुमचंही पहिलं लेकरू गेलं होतं ना?"

पस्तीस वर्षांत तिच्यापुढं त्या लेकराचं कुणी नाव काढलं नव्हतं! मार्थाबाई भडकली. "ते कशाला उकरता?" घरात गेली, भांडी आपटली... आणि पदर खोचून निघाली, पाळकसाहेब मागोमाग!

प्रिस्किलाकडं एकदाच पाहिलं — कळलं! सगळी वस्ती सांत्वन करत होती, पण पोरीच्या ओल्या चोळीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पिणारं गेलं, हे दुधाला कोण सांगणार? आयांनो, तुम्ही जाणता. छाती दगडासारखी तटलेली!

"बाप्ये सगळे भाईर! पाळकसाहेब, तुमीबी!"

पाणी तापवलं. फडक्यानं शेकलं. हलक्या हातानं दूध काढू लागली. प्रिस्किलानं हात झटकला. "तुम्हाला काय कळतंय, मावशी?"

"माझंबी असंच वाहिलं, बये. सासू म्हणली, पुसून घे अन् कामाला लाग."

पोर तिच्याकडं बघत राहिली — आणि हंबरडा फोडला. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा!

ज्याच्या तळहाती घाव । त्याला कळे माझा ठाव ।
स्वर्गी उभा घेई नाव । माझे बापापुढे ॥

मार्थाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, हिला लई दुखतंय. तुला ठावं हाय." बस्स, एवढीच प्रार्थना! मग म्हणाली, "ऊठ, दवाखान्यात जाऊ." आणि पोर उठली.

मंडळी, आपलं दुखणं लांबून बघणारा याजक देवानं आपल्याला दिला नाही. सोसलेला दिला! आणि तुम्ही? विश्वासात तुमचं वय काय? वीस? तीस? अजून घास मीच भरवायचा? प्रभूनं तुमची जखम बरी केली, ती काय झाकून ठेवायला? तुमच्या शेजारी तेच दुखणं घेऊन कुणीतरी बसलंय. उद्या मला प्रार्थनेला बोलवायला याल, तर मी आधी विचारीन — तुम्ही जाऊन आलात का?