गाठीच्या दिवसांतला शिरा

बायको सत्यभामा गेल्यापासून बब्रुवान प्रवासात कुणाशी बोलत नसे. कळंबच्या एसटीत त्याच्या मागच्या बाकावर महेबूब आणि खैरुनबी दवाखान्यातून परतत होते.

“सैफचे अब्बा, मेंदूत गाठ म्हणून रडवलंत, अन् निघाली बुरशी!”

“बुरशी भाकरीला येती ना गं?”

“न वापरलेल्या कशालाबी येती.”

“गाठ होती तवा रोज शिरा करायचीस.”

“आता गोळ्या. वरीसभर एकबी चुकवली न्हाय तरच वाचाल, डॉक्टर म्हणले.”

“लई कडू हायत. त्यापरीस गाठ बरी.”

मागं एकदम शांतता झाली.

“अगं, मजाक केला. बोल की.”



मग बब्रुवानच मागं वळला.

“भाभी, रागवा त्यांना. असं गप नका बसू.”