सव्विसावं मिनिट

नाही, घरत, निर्यातीच्या दाखल्यावर सही आत्ता होणार नाही. ‘हालत नाय, मंग मेलाच ना’ — हे तुम्ही आल्यापासून तिसऱ्यांदा म्हणताय, आणि तिन्ही वेळा ते तितकंच चूक होतं. बसा. ती खुर्ची नको, ती डुगडुगते — टेबलाला धक्का लागला तर मला पुन्हा शून्यापासून मोजावं लागेल. तीस मिनिटं. हो, ट्रक खाली उभा आहे, तुर्भ्याच्या गल्लीत हॉर्न वाजवतोय, मला ऐकू येतं. सहारला पाचच्या आत माल पोहोचला नाही तर विमान चुकेल, हेही तुम्ही सांगितलंत. विमान तुमचं आहे, सही माझी आहे. आणि ती हापूसची पेटी टेबलावरून उचला. प्रेमाने आणलीत, उत्तम — प्रेमाने दाराबाहेर ठेवा. ज्या मालाचा निकाल द्यायचा त्याच मालातले आंबे मी घरी नेऊन खाऊ? गावचा रिवाज असेल तुमचा. इथे नाही.

तुमच्या शेडवर चारशे पेट्यांना विषारी धुरी दिली, त्यांतून शंभर आंबे काढले, शंभर कोयी फोडल्या, त्यांत नऊ भुंगे निघाले, आणि ते नऊ भुंगे तुम्ही औषधाच्या बाटलीत भरून द्रोणागिरीहून इथे आणलेत. घेणाऱ्याची अट काय आहे? मेलेला भुंगा चालेल, जिवंत एकही नको. मग प्रश्न एवढाच उरतो — हे नऊ मेलेत का? तुम्ही म्हणता, दिसतंय की. काय दिसतंय? ट्रेमध्ये पाठीवर पडलेत, पाय पोटाशी घेतलेत, सोंड छातीखाली दुमडली आहे. मेलेला भुंगा असाच दिसतो. आणि भ्यालेला भुंगाही नेमका असाच दिसतो. नुसता फांदीला धक्का लागला तरी तो पाय आवळून खाली पडतो आणि पाचोळ्यात काळ्या खड्यासारखा पडून राहतो — पक्षी चोच मारून बघतो, हलत नाही म्हणून सोडून देतो. पक्ष्याला घाई असते. तुमच्यासारखी. — हसू नका, मी विनोद केला नाही. याचं सगळं आयुष्यच लपण्यात जातं. मादी अंडं घालते ते सुपारीएवढ्या कैरीवर, सालीला बारीकशी चीर देते, चिरेतून चीक येतो, तो वाळून अंड्यावर झाकण बसतं. अळी गरातून कोयीत शिरते, मागची वाट भरून येते. वरून आंबा कसा? तुमच्या पेटीतल्यासारखा — डाग नाही, भोक नाही, वास घमघमीत. आणि घरी मूल कोय चोखत बसलेलं असताना कोयीतून हा बाहेर येतो. मग ओरडा होतो. तेव्हा तुम्हाला फोन कोणी करत नाही, घरत, मला करतात.

सात मिनिटं झाली. घाम पुसा हवा तर, पण जागेवरून —

हे काय? काडेपेटी? इथे विडी ओढायची नाही. — विडी नाही? मग उघडून दाखवा.

केस.

केसाचे तुकडे. हे तुमच्याकडे कुठून आले? — कुणी सांगितलं, एकेकाच्या पोटावर एकेक ठेवायचा म्हणून? शेडवरच्या म्हाताऱ्याने. तुम्हाला ते खूळ वाटलं, म्हणून इतका वेळ खिशात ठेवलंत. खूळ नाही ते. भुंग्याचा पाय हलतो तो केसाच्या जाडीइतका. डोळ्याला दिसत नाही, पण वरचा केस सरकतो आणि पडतो. द्या इकडे. पंखा बंद करा. — बंद करा म्हटलं ना, उकडू दे. चिमट्याने ठेवते मी, तुम्ही श्वाससुद्धा लांबून घ्या. एक... दोन... पांढरे आहेत. पूर्वी काळे असायचे.

साताऱ्याकडचा आहे ना तो? उंच, डाव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं? कोय फोडतो ती भुंग्याला धक्का न लावता, एका कोयीला एक मिनिट, कमी नाही जास्त नाही? नामा. — मला कसं माहीत! मला माहीत असणं हे माझं कामच आहे. याच खोलीत अटेंडंट होता, एक्क्याण्णव सालापर्यंत. तुमच्याकडे कधीपासून? पाच वर्षं. मधली दोन कुठे होता? कामोठ्यात बांधकामावर रखवाली. बरं. मी विचारलं नव्हतं. — हो, विचारलं होतं. ठीक आहे.

नाही, घरत, भांडण वगैरे काही झालं नव्हतं. तुमच्या लोकांना भांडणाशिवाय कुणी कुठून जातं हे पटतच नाही. एका पद्धतीचा प्रश्न होता. मी तेव्हा याच विषयावर शोधनिबंध लिहीत होते — भुंगा मेल्याचं सोंग किती वेळ टिकवतो. चारशे बारा भुंगे, स्टॉपवॉच लावून. जास्तीत जास्त वेळ निघाला अकरा मिनिटं. नामा एक दिवस म्हणाला, ‘बाई, काल एक सव्विसाव्या मिनिटाला उठला.’ मी विचारलं, कशावर मोजलंस? म्हणाला, भिंतीवरच्या घड्याळावर. ते घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं, तेव्हा त्याची नोंद घेता येत नव्हती. एक निरीक्षण, साक्षीदार नाही, साधन सदोष. कुठल्याही विद्यापीठात हेच सांगतील. — दिवसाला चार म्हणजे अर्ध्या तासात किती? घरत, मला गणित शिकवू नका. पाच सेकंद. हो. पाच सेकंद.

पंधरा मिनिटं झाली.

आणि मग एक माल आला, असाच. पुण्याला निबंध वाचायचा होता, टॅक्सी खाली उभी होती. मी बारा मिनिटं थांबले — माझ्या आकड्यापेक्षा एक जास्तच! — आणि सही केली. नामा ट्रेजवळ उभा होता. ‘बाई, अजून थोडं थांबू या,’ म्हणाला. माझ्या हातात माझाच निबंध होता, छापील, अकरा मिनिटं लिहिलेला. माल परदेशात उतरला, पेटीत चालता भुंगा निघाला, सगळा माल जाळला. चौकशी बसली. मला विचारलं, निरीक्षणाची वेळ वहीत का नाही? मी सांगितलं, वेळ वहीत लिहिण्याचं काम अटेंडंटचं आहे आणि त्याने ती लिहिलेली नाही. — हे खोटं आहे का? वाक्य तपासून पाहा. एकही शब्द खोटा नाही. त्याने लिहिली नव्हती, कारण तो अजून मोजत होता. हे मला कुणी विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायची सवय मला नाही.

नामा तिथेच होता. भिंतीशी हात बांधून उभा राहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं, बस.

तेव्हापासून मी तीस मिनिटं थांबते. नियमात नाही. कुठे छापलेलंही नाही. लोक विचारतात, आकडा कुणाचा? मी सांगते, अनुभवाचा. — असं बघू नका माझ्याकडे. ट्रेकडे बघा.

चोवीस. पंचवीस. बोलू नका आता.

...

तो, उजवीकडून दुसरा. केस घसरला. पाहिलंत? आता पाय. आता सोंड काढली बाहेर. सत्तावीस मिनिटं आणि दहा सेकंद. चालला — बघा कसा चाललाय, जसं काही झालंच नाही.

ओरडू नका. कुणाला काढून टाकणार? म्हाताऱ्याला? का? धुरी त्याने दिली म्हणून? तुमचीच धुरीची चिठ्ठी वाचा, मी ती पहिल्याच मिनिटाला वाचली होती. ‘माल आत सकाळी सात’ — हे अक्षर त्याचं, काळ्या शाईत. ‘बाहेर दुपारी एक’ — हे निळ्या शाईत, दुसऱ्याच हाताचं, आणि ते निळं पेन या क्षणी तुमच्या खिशाला आहे. एकला खोली उघडली, मग शंभर कोयी फोडायला शंभर मिनिटं, वर द्रोणागिरीहून तासाभराची वाट, आणि एक चाळीसला तुम्ही इथे या खुर्चीत? सहा तासांची धुरी तुम्ही चारवर आणलीत, विमानासाठी. तो म्हणाला असेल, ‘मालक, अजून थोडं थांबू या.’ म्हणाला ना? — म्हणाला. मला माहीत आहे तो कसा म्हणतो.

सही नाही. रिपोर्टमध्ये लिहिते आहे, हे बघा, तुमच्यासमोर: एक जिवंत. धुरीची वेळ मालकाने कमी केली. अटेंडंटचा दोष नाही. याची प्रत शेडवर लावा. नाही लावलीत तर पुढचा माल माझ्याकडे आणू नका.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. — ‘हेच तवा लिवलं असतंत तर?’

उठा. तीस मिनिटं झाली, तुमचं काम झालं. ट्रक परत न्या, माल पुन्हा कोंडा, पूर्ण सहा तास. हो, ती पेटीही न्या. काडेपेटी राहू द्या इथे. नाही, त्याला काही सांगायचं नाही. सांगा... सत्तावीस मिनिटं, दहा सेकंद, स्टॉपवॉचवर. एवढंच. — नाही, तेही नको. काहीच सांगू नका.

जा ना आता. आणि दार हळू ओढा. वाऱ्याने केस उडतील.