दोनशे बारा ठिकाणी नाव

(शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान. मिस्त्री एका उलट्या मशीनच्या पोटात डोकं खुपसून बसलाय. त्याचा मेहुणा मांडीवर लॅपटॉप घेऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ऐसपैस पसरलाय.)

मेहुणा: …छत्तिसावरून थेट चौथा नंबर, दाजी! तीन महिन्यांत. 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं नेटवर कुणीही शोधलं की चौथं नाव आपल्या दुकानाचं. द्या टाळी!

मिस्त्री: हात तेलाचे आहेत.

मेहुणा: तेलाचीच द्या.

मिस्त्री: पहिला कोण?

मेहुणा: पुलापलीकडचा शोरूमवाला. त्यालाही पुढच्या महिन्यात खाली खेचतो, बघा तुम्ही.

मिस्त्री: त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि तो पहिला. छान आहे तुमचं जग. इकडे ये जरा. या मशीनच्या पोटात काय दिसतंय?

मेहुणा: मध?

मिस्त्री: मध म्हणे! खायचं तेल आहे ते. सुकून डिंक झालाय त्याचा. शटल हलत नाही, चाक फिरत नाही. सकाळी एक बाई घेऊन आल्या. म्हटलं, हा शहाणपणा कुणी शिकवला? म्हणाल्या, तुमच्याच साईटवर वाचलं.

मेहुणा: आपल्या? थांबा हं… हा बघा. 'घरच्या घरी मशीन दुरुस्तीचे अकरा सोपे उपाय'. अहो, हा तर आपला सगळ्यांत जोरात चाललेला लेख!

मिस्त्री: सातवा उपाय वाच.

मेहुणा: 'मशीनचं तेल संपलं असेल तर काळजी नको. स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल चालतं.' …असं होय.

मिस्त्री: कुणी खरडलं हे?

मेहुणा: आमच्याकडे एक बाई आहेत. दिवसाला आठ लेख पाडतात. मंगळवारी मूळव्याध, बुधवारी मशीन.

मिस्त्री: मशीन कधी डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी?

मेहुणा: गरजच काय? लेख वाचण्यासाठी नसतो, दाजी. मोजण्यासाठी असतो. जितके लेख जास्त, तितके आपण मोठे.

मिस्त्री: म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही भाड्याचा.

मेहुणा: बरं, लेख सोडा. खरी ताकद लिंकांत असते. दुसऱ्यांच्या साईटवर आपलं नाव टाकायचं. त्यावर दाबलं की माणूस आपल्या साईटवर. दहा जागी नाव दिसलं की अकरावा म्हणतो, असेल बुवा मोठा माणूस. आजच्या तारखेला दोनशे बारा ठिकाणी नाव आहे तुमचं!

मिस्त्री: विजेच्या खांबांवर गुप्तरोगवाले कागद डकवतात, त्यांचंही असतं.

मेहुणा: हे बरंय! 'तो पुलापलीकडचा वर आणि मी खाली' म्हणून रडत कोण आलं होतं?

मिस्त्री: रडत नव्हतो.

मेहुणा: विचारा ताईला. ही बघा, आलीच.

बायको: अहो, वस्तादांच्या लेकीचा फोन होता.

मिस्त्री: उद्याच्या शोकसभेचाच ना? मी बोलणार आहे म्हणावं. जास्त नाही, पाच मिनिटं. हा धंदा त्या माणसानं हातात दिला माझ्या.

बायको: येऊ नका म्हणाली.

मिस्त्री: कोण?

बायको: तुम्ही. बोलणाऱ्यांतून तुमचं नाव काढलंय तिनं.

मिस्त्री: अगं, सतरा वर्षं त्यांच्या शेजारी बसलोय मी! माझं नाव काढलं?

बायको: कारागीर संघाच्या साईटवर वस्ताद गेल्याची बातमी आहे ना, फोटोसकट? त्याखाली लोक दोन-दोन ओळी लिहितायत. तुमच्या नावानंही आहे म्हणे.

मिस्त्री: मी कुठं लिहिलंय? रोज म्हणतोय, उद्या लिहीन.

बायको: तिनं पाठवलंय. वाचू?

मिस्त्री: वाच.

बायको: 'अतिशय उपयुक्त माहिती! असेच छान छान लेख देत राहा. स्वस्त आणि खात्रीशीर मशीन दुरुस्तीसाठी इथे दाबा.' खाली तुमचं नाव, दुकानाचा पत्ता.

मेहुणा: अरेच्चा.

मिस्त्री: उपयुक्त माहिती.

मेहुणा: दाजी, ते काय होतं, 'मशीन' हा शब्द असलेली पानं आपोआप शोधली जातात, आणि मग…

मिस्त्री: माणूस गेला, ही उपयुक्त माहिती! असेच देत राहा! आणखी कोण मरायला हवंय रे तुला?

बायको: काढ ते आधी. आत्ताच्या आत्ता.

मेहुणा: आपल्याला नाही काढता येत, ताई. टाकता येतं फक्त.

बायको: मी म्हटलं तिला, तू तरी पुसून टाक गं. तर म्हणाली, राहू दे. पंधरा दिवस रोज ते पान उघडून बघत होती, दादानं काही लिहिलंय का. काल नाव दिसलं, तशी आईला हाक मारली, 'ये लवकर, दादाचं आलंय.' काकू चष्मा शोधून आल्या.

मिस्त्री: काकूंनी वाचलं?

बायको: मोठ्यानं. काकूंनीच.

मेहुणा: दाजी, मी जातो त्यांच्याकडे. पाया पडतो. माझी चूक आहे म्हणून सांगतो.

मिस्त्री: तू कशाला? 'कुठं कुठं टाकू नाव?' असं तू विचारलं होतंस मला. मी काय म्हटलं होतं?

मेहुणा: जाऊ द्या ना.

मिस्त्री: सांग तिच्यासमोर.

मेहुणा: 'टाक लेका वाटेल तिथं, मला वर आण.'

मिस्त्री: आलो की वर! त्या शोरूमवाल्याला दोरा ओवता येत नाही म्हणून हसतो मी. आणि मला दोन ओळी लिहायला पंधरा दिवसांत फुरसत झाली नाही. लाज वाटते मला माझी.

बायको: मग आता लिहा.

मेहुणा: सांगा, मी टाइप करतो. 'कधीही भरून न येणारी पोकळी' वगैरे घालू…

मिस्त्री: तू ते अकरा उपाय पूस. ते तरी आपल्या हातात आहे ना? आणि मग साईटवरचं बाकीचंही सगळं.

मेहुणा: सगळं? परत छत्तिसावर जाल, दाजी.

मिस्त्री: छत्तिसावर होतो तेव्हाही येत होतीच माणसं. विचारत विचारत यायची.

बायको: मी घेतलाय कागद. तुमचे हात तेलाचे, तुम्ही नुसतं बोला. उद्या काकूंच्या हातात देते मी. मला नाही येऊ नको म्हटलेलं.

मिस्त्री: लिही. 'पहिल्याच दिवशी मी मशीनला खायचं तेल घातलं होतं. वस्ताद ओरडले नाहीत. दिवसभर शेजारी बसले आणि माझ्याच हातानं ते खरवडून काढायला लावलं. संध्याकाळी म्हणाले, आता जन्मात विसरणार नाहीस.'

बायको: …नाहीस. पुढे?

मिस्त्री: 'विसरलो.'

बायको: एवढंच?

मिस्त्री: एवढंच.

बायको: खाली नाव घालते तुमचं.

मिस्त्री: नको. दोनशे बारा ठिकाणी आहे ते. इथं नको.